आरियाची वाक्यं

११ जानेवारी १९३८, जळगाव

पाद्रीबाबांचा पाय पुन्हा चिघळला. घोट्याच्या वर रुपयाएवढी जखम, कडा मऊ पडलेल्या. दर मंगळवारी भुसावळहून गाडीनं येतात, इथल्या रेल्वेतल्या ख्रिस्ती घरांतून फिरतात, मग आमच्या दवाखान्यात. डॉ. नी पहिल्या दिवशी चष्म्यावरून बघितलं आणि "हे हिचं काम" म्हणून माझ्याकडे लोटलं. डॉ. म्हणजे आमचे हे. चार माणसं बसली की यांचा एक विनोद ठरलेला: "पगारी नर्स परवडेना, म्हणून लग्नाची केली." आज पाद्रीबाबांना ऐकवला. ते हसले नाहीत. मला म्हणाले, "बाई, आज माझा पाय अप्रसन्न आहे." पुस्तकातून मराठी शिकलेत. मलाच हसू आलं.

मूळचे स्पेनचे. मी इंग्रज समजत होते. माझ्या लेखी सगळे गोरे इंग्रजच.

१८ जानेवारी

कुसुमचं पत्र. पुण्याला आम्ही दोघी एकाच वर्गात नर्सिंग शिकलो. तिनं लग्न केलं नाही, मुंबईच्या इस्पितळात आहे. लिहिते, स्पेनात लढाई चालू आहे, तिकडच्या जखमींसाठी मुंबईहून काही डॉक्टर-नर्सेस जाणार, मेच्या सुरुवातीला बोट. आणखी एक नर्स हवी. "तुझं नाव मी सांगून ठेवलंय. थोडी भाषा आली तर नक्कीच."

पत्र तीनदा वाचलं. मग सासूबाईंना, म्हणजे अक्काला, पेज दिली, मग परत वाचलं.

मला तिथलं राजकारण अर्धंमुर्धं कळतं. जखमा पुऱ्या कळतात. इथे सहा वर्षं मी काय करते? उकळलेलं पाणी देणे, पट्ट्या धुणे, आणि अक्काचे पाय चेपणे. बाळंतपणं डॉ. च्या नावावर, धावपळ माझी.

२५ जानेवारी

पाद्रीबाबांना विचारलं, तुमची भाषा शिकवाल का? का ते सांगितलं नाही. खूष झाले. बदल्यात मी त्यांचं मराठी दुरुस्त करायचं. पाय जांभळ्या पाण्यात बुडवून बसायचं तेवढ्या वेळात शिकवणी. दर खेपेला एक क्रियापद.

पहिली दुरुस्ती मीच केली. पाय अप्रसन्न नसतो, दुखतो. ते म्हणाले, आमच्याकडे 'मे दुएले'. मला दुखतं. हे पहिलं शिकले, बरं झालं. तिथे हेच ऐकायचं आहे.

६ फेब्रुवारी

डॉ. ना सांगितलं. जेवण झाल्यावर, सुपारी कातरताना, म्हणजे यांच्या शांत वेळेला. मला वाटलं ताट फेकतील. तसं केलं असतं तर बरं वाटलं असतं.

"अरे वा," म्हणाले. "जरूर जा. मी कुठे अडवतो? फक्त अक्काच्या डोळ्याचं होऊ दे."

मोतीबिंदू आहे. धुळ्याला नेऊन काढायचा. रास्त आहे. रास्त आहे म्हणूनच राग येतो.

८ फेब्रुवारी

आजचं क्रियापद: करणे. त्यांच्यात 'आथेर'. हे फार वापरतात आणि फार वाकडं आहे. "केलं तर", "केलं असतं" असं म्हणायचं तर काय, म्हणून मी आपल्या अकलेनं 'आथेरिया' म्हणाले. पाद्रीबाबा एवढे हसले की पाणी सांडलं. मधलं हाड काढून टाकायचं म्हणे. नुसतं 'आरिया'.

मग मला म्हणाले, आपल्या मराठीत "केलं असतं" म्हटलं की गोष्ट संपली, माणूस उसासा टाकतो. आमच्या आरियात दार लोटलेलं असतं, कडी घातलेली नसते.

घरी अभ्यास: आरियाची दहा वाक्यं.

१५ फेब्रुवारी

वाक्यं दाखवली. त्यांनी विषय दिला होता, राजा झालात तर काय कराल. मी लिहिलं, राजा झाले तर मी काहीही करणार नाही, बसून राहीन. दुसऱ्यानं केलेला चहा पिईन. पाद्रीबाबा म्हणाले, व्याकरण शुद्ध आहे, राणी आळशी आहे.

मला कोणी आळशी म्हटलं नव्हतं आजवर. ऐकायला बरं वाटलं.

२७ फेब्रुवारी

अक्काला घेऊन धुळ्याला जाऊन आलो. चाळीसगावला गाडी बदलताना अक्का माझा हात सोडीना. माणूस डोळे बांधलेलं असलं की त्याच्यावर रागावता येत नाही. ऑपरेशन चांगलं झालं. आठवडाभर दवाखान्याच्या धर्मशाळेत मीच होते. डॉ. एक दिवस आले, सर्जनबरोबर चहा प्याले, गेले.

धुळ्याच्या रस्त्यांवर माझी शाळा आठवली. आबांनी, माझ्या वडिलांनी, मला शिकायला तिथे ठेवलं होतं, मग पुण्याला नर्सिंगला. धरणगावच्या सगळ्या भाऊबंदांनी शेण घातलं तोंडात, शेतकऱ्याची पोर गुवामुताचं काम करणार म्हणून. आबा म्हणाले, "घरमा नही करस का ती?" आबा दोन वर्षांपूर्वी गेले. असते तर स्वतः बोटीवर बसवून आले असते.

१ मार्च

डॉ. ना आठवण केली. अक्काचं झालं. म्हणाले, "हो हो. फक्त मार्च जाऊ दे. नशिराबादला देवी निघाल्यात, मला एकट्याला आवरायचं नाही."

'फक्त' हा शब्द मला आता सुरीसारखा दिसायला लागलाय. नाही म्हणणारा नवरा परवडला. त्याच्याशी भांडता तरी येतं. हा माणूस दर वेळी हो म्हणतो आणि मी जागची हलत नाही.

१३ मार्च

सही केली! कुसुमनं पाठवलेल्या कागदावर, नवऱ्याची संमती म्हणून, डॉ. नी टाक बुडवून झोकात सही केली. शेजारचे वकीलसाहेब बसले होते त्यांच्यासमोर. "आमच्याकडे बायकांना बंदी नाही," वगैरे. वकीलसाहेबांनी मान डोलावली.

मागून मला सांगितलं, "अक्काला आत्ता काही बोलू नको. डोळा कच्चा आहे, रडारड नको. आखाजीला तुझा भाऊ मुराळी येईलच. त्याच्याबरोबर माहेरी जा, आणि तिथून परस्पर मुंबई. अक्काला मी मागाहून समजावतो."

खरंच सोयीचं आहे. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, सगळ्याच सासुरवाशिणी न्यायला आलेल्या भावाबरोबर, मुराळ्याबरोबर, माहेरी जातात, कोणी भुवई वर करत नाही. मी यांच्याविषयी वाईट लिहिलं ते आज खोडावंसं वाटलं. खोडलं नाही. शाई वाया कशाला घालवा.

२२ मार्च

पाद्रीबाबांना आज खरं सांगितलं. उगाच फसवणं बरं वाटेना. म्हटलं, मी तुमच्या देशात जाणार आहे, जखमींच्या सेवेला. कोणत्या बाजूच्या, विचारलं. तिथल्या सरकारच्या, म्हणून सांगितलं.

पाय पाण्यात होता तसाच राहिला. मग हळूहळू मराठीत बोलले, एकही चूक न करता. त्यांचा धाकटा भाऊ बार्सेलोनाजवळ पाद्री होण्याच्या शाळेत शिकत होता. दोन वर्षांमागे उन्हाळ्यात त्याला बाहेर काढून गोळी घातली. त्याच बाजूच्या लोकांनी.

पट्टी बांधली. नेहमीपेक्षा घट्ट बांधली गेली, मग सोडून परत बांधली.

जाताना म्हणाले, "यो नो लो आरिया." तुमच्या जागी मी असतो तर हे केलं नसतं.

२९ मार्च

आले नाहीत.

दहा वाक्यं करून ठेवली होती. पडून आहेत.

५ एप्रिल

आले. आठवडा चुकल्यामुळे पाय फार घाण झालेला. पाणी ओतलं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "आग्वा."

मला वाटलं पाणी थंड आहे. ते म्हणाले, नाही, शिका. आग्वा म्हणजे पाणी. सेद, तहान. फ्रिओ, थंडी. माद्रे, आई. पडलेला माणूस एवढंच बोलतो, कोणत्याही बाजूचा असला तरी. माझा भाऊही हेच बोलला असेल. "आपण हे कळलं पाहिजे, बाई. क्रियापदं नंतर."

मग डोळे मिटून बसले. मी पाय पुसला. या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. एरवी पाय हातातच असतो, पण ते वेगळं.

१२ एप्रिल

'करू शकणे' याचंही तसंच होतं. पोद्रिया. त्याचंही एक हाड काढतात. पाद्रीबाबा म्हणतात जी फार वापरातली क्रियापदं ती सगळी मोडून बसलेली, न वापरलेली तेवढी धड. मी म्हटलं, आमच्या घरातही असंच आहे.

जखम भरायला लागली. खालून लाल दाणे दिसतात.

२६ एप्रिल

शेवटची शिकवणी. कुसुमचं पत्र: बोट ८ मेला, मी ५ पर्यंत मुंबईत हवी, बाकी कागद ती करते. भाऊ ३० ला येणार. आखाजी २ ला. ४ ला धरणगावहून निघायचं, जळगाव स्टेशनात गाडी बदलायची, ५ ला मुंबई. भाऊला मी होळीला सांगितलेलं आहे. पहिल्यांदा घाबरला, मग म्हणाला, "जाय माय. आबानी धाडीच असती. मी सोता बोटवर पोचाडस तुले."

पाद्रीबाबांनी मला एक क्रूस देऊ केला. मी घ्यावा की नाही कळेना. ते समजले आणि परत खिशात घातला. म्हणाले, मग प्रार्थना करतो, ती घेतली की नाही तुम्हाला कळणार नाही.

३० एप्रिल

भाऊ आला. अंगात नवा सदरा, डोक्याला फेटा, मुराळी दिसायला पाहिजे ना. गूळपाणी झालं. मी पेटी भरून ठेवलेली, वर आखाजीची दोन लुगडी, खाली पांढऱ्या साड्या, एप्रन, कात्री-चिमटे.

निघताना अक्का दारात आली. हे दर वर्षी होतं. सासू विचारते, परत कधी. मुराळी म्हणतो आठ दिवसांत. सासू म्हणते बरं. श्वास घेतल्यासारखं, कोणी लक्षही देत नाही. मीसुद्धा दिलं नव्हतं. एवढ्या महिन्यांत मला हे आठवलं नाही, याचंच आता आश्चर्य वाटतंय.

आज अक्का भाऊचा हात धरून उभी राहिली. "परत कव्हय लयशी?"

"आठ दिनमा लयसू," भाऊ म्हणाला. सवयीनं.

"असं नही. मन्हा हात धरीसन जबान दे. याच दारमा आणी पोचाडशी ना?"

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. मी डॉ. कडे. डॉ. आपली नखं बघत होते. ते एक शब्द बोलले असते तर पुरे होतं. "अक्का, असू दे," एवढं जरी.

भाऊनी हात धरून जबान दिली. रस्त्याला लागल्यावर म्हणाला, "म्हातारीनं मन राखं, काय व्हस." मीही तेच म्हटलं.

२ मे, धरणगाव. आखाजी.

निंबाला झोके. सांजोऱ्या, मांडे, आंब्याचा रस. धाकटी बहीण पण आली आहे, पाचोऱ्याच्या सासरहून, तिलाही भाऊनीच आणलं. दिवसभर पोरी गौराईपुढे फेर धरून नाचल्या. घागर भरून आबांच्या नावानं ठेवली. बाप्ये माणसं पत्ते कुटत बसली, आखाजीला जुगाराला कोणी काही म्हणत नाही. भाऊ दर वर्षी पहिला बसतो. यंदा बसला नाही.

गोठ्याशी उभा होता. विचारलं, काय झालं. "काही नही."

काही नही म्हणजे खूप काही. मला माझा भाऊ कळतो.

३ मे

सकाळी भाऊ बोलला. मुंबईला पोचवता येणार नाही.

मी आधी ओरडले नाही. नीट विचारलं. डॉ. ची सही आहे, यांनीच हा मार्ग सांगितला, तू स्वतः हो म्हणालास. तो म्हणाला, ते सगळं खरं. "पन जबान दिधी शे, माय. हात धरीसन."

मुराळी ज्या दारातून पोर नेतो त्याच दारात आणून सोडतो. मध्येच कुठे पाठवली की त्या घराच्या मुराळ्यावर कोणी पोर सोडत नाही. धाकटीचे सासरचे तर आधीच तिरके. "धाकटीले मंग कोन धाडी?" असं म्हणाला आणि रडायला लागला. बत्तीस वर्षांचा बाप्या, गोठ्यात, बैलांच्या समोर.

मग मी ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. धाकटी दारात येऊन उभी होती. तिचं तोंड बघितलं आणि गप्प झाले. ती पोर वर्षातून एकदा इथे येते. झोक्यावरून उतरत नाही.

४ मे

तरी मी पेटी घेऊन निघाले. एकटी. कोणाची जबान असेल ती असेल, माझी नाही.

भाऊ मागून आला. फेटा न बांधता. स्टेशनात माझ्या शेजारी बाकावर बसला. गाडी आली तेव्हा माझं तिकीट आणि त्याचं तिकीट, दोन्ही जळगावची काढलेली होती. म्हटलं ठीक आहे, जळगावला मुंबईची गाडी मिळते, तिथे बघू. गाडीत शेंगा घेतल्या त्यानं. मला दिल्या. मी खाल्ल्या. भूक लागली होती.

जळगावला फलाटावर उतरलो. मुंबईची गाडी यायची होती, लोक जागा धरून बसलेले. भाऊनी माझी पेटी उचलली आणि फाटकाकडे चालायला लागला. मागे न बघता. मी म्हटलं, भाऊ, पेटी ठेव. तो थांबला नाही. पाठमोरा, आबांसारखा, एक खांदा खाली.

आणि मी पेटीच्या मागे चालत गेले.

का गेले? पेटीत काय होतं? दोन साड्या आणि कात्री. तशीच फलाटावर उभी राहिले असते तर त्यानं मला काही खांद्यावर घातलं नसतं. घरच्या दारापर्यंत मी हाच विचार करत होते. दारात भाऊ अक्काला म्हणाला, "आनी पोचाडी." अक्का म्हणाली, "चार दिन आगूदर?" आणि माझ्या गालावरून हात फिरवला. तिला दिसायला लागलंय आता. माझं तोंड तिनं नीट बघितलं.

भाऊनं पाणी घेतलं नाही. आल्या पावली गेला.

५ मे, जळगाव

डॉ. (रात्री नशिराबादला होते, सकाळी आले): "अरे, तू इथे? मी तर समजत होतो मुंबईला असशील. मी सही केली होती ना?"

माझ्या हातात उकळत्या पाण्याचं भांडं होतं. खाली ठेवलं. एवढंच लिहिते.

८ मे

बोट आज गेली असेल. दिवसभर विंचवाचे दोन, उन्हाच्या झळीचे चार पेशंट.

१० मे

पाद्रीबाबा आले, मला बघून दारातच थबकले. सांगितलं सगळं. त्यांना मुराळी म्हणजे काय ते समजावता समजावता मी थकले. त्यांना वाटलं भाऊनं विश्वासघात केला. मी म्हटलं, नाही, तिथेच तर सगळी गंमत आहे, त्यानं विश्वास पाळला. फक्त माझा नाही.

चूक माझी, मी दार निवडलं ते चुकलं. बाईमाणसानं मुराळ्याबरोबर घराबाहेर पडायचं, ही एवढी अंगात मुरलेली रीत, की सातासमुद्रापार जायला निघाले तरी मी मुराळी येईपर्यंत थांबून राहिले. स्टेशन आमच्या दवाखान्यापासून हाकेवर आहे. एप्रिलात कोणत्याही दुपारी चपला घालून गेले असते तर कोणाचीच जबान मोडली नसती.

पाद्रीबाबा म्हणाले नाहीत की देवाची इच्छा. त्याबद्दल त्यांचे उपकार. पण मग त्यांनी विचारलं, "आज शिकवणी?"

मी नको म्हटलं. पाय धुतला. अर्धा झाल्यावर मीच म्हटलं, बरं, सांगा एक क्रियापद.

१९ जुलै

कुसुमचं कार्ड. वाटेत कुठूनतरी टाकलेलं. "तुझी खाट रिकामी आहे, तिच्यावर मी सामान ठेवते."

ऑगस्ट, तारीख चुकली

डॉ. नी पाहुण्यांना नवा विनोद सांगितला. "हिला मी स्पेनला पाठवत होतो, पण माहेर सुटेना." सगळे हसले. मी चहा आणला होता. कप ठेवले.

मनात म्हटलं, हसा. तुमचं हसू माझ्या लक्षात राहील.

१३ सप्टेंबर

पाद्रीबाबांचा पाय पूर्ण भरला. नवी कातडी, गुलाबी. माझ्या हातचं काम आहे, डॉ. नी बोटही लावलेलं नाही. त्यांची बदली झाली, गुजरातेत कुठेतरी. आज निरोपाला आले. मराठी आता इतकं चांगलं की दुरुस्त करायला काही उरलं नाही. मला ते आवडलं नाही.

जाताना विचारलं, "के आरिया उस्तेद?" तुम्ही काय कराल? पुन्हा वेळ आली तर.

म्हटलं, वेळ येत नाही आमच्याकडे. मुराळी येतो. ते हसले, पण मला विनोद करायचा नव्हता.

२ एप्रिल १९३९

स्पेनची लढाई संपली, पेपरात आहे. कुसुमच्या बाजूचे हरले. डॉ. नी मोठ्यानं वाचून दाखवलं, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं झालं गेली नाहीस. फुकट गेलं असतं सगळं."

जखम बांधली ती फुकट कशी जाते? हरलेल्या माणसाचा पाय पाय नसतो का? पट्ट्या गुंडाळत होते, एक पट्टी परत सोडली आणि परत गुंडाळली.

८ एप्रिल

कुसुम मागच्या महिन्यात परत आली. मुंबईतच आहे. लांब पत्र नाही, चार ओळी. केस पांढरे झालेत लिहिते. तिच्या इस्पितळात रात्रीच्या पाळीला नर्स कमी आहेत, राहायला खोली मिळते. "१ मेपर्यंत जागा धरून ठेवते. स्पेन नाही, परळ आहे. आलीस तर ये."

या वेळी मी कोणाला सांगितलेलं नाही. डॉ. ना नाही, भाऊला नाही. सांगण्यातच सगळं गेलं होतं.

१६ एप्रिल

दुपारी चपला घातल्या. स्टेशनपर्यंत जाऊन आले. नुसतं. फाटकावरच्या माणसानं ओळखलं, "नर्सबाई, कोणाला घ्यायला?" म्हटलं, कोणाला नाही. घरी आल्यावर अक्कानं विचारलं, कुठे गेलतीस. म्हटलं, लिंबं आणायला. लिंबं आणली नव्हती. अक्कानं माझे रिकामे हात बघितले.

जायचं तर असंच जाता येईल. मग चार दिवसांत भाऊ आखाजीचा मुराळी म्हणून येईल आणि दारात उभा राहील, बहीण कुठे म्हणून. तो उभा दिसतो मला. त्याच्यावरचा राग गेलेला नाही, तरी त्याला तसा उभा करवत नाही.

१९ एप्रिल

भाऊ आला. गूळपाणी घेतलं. माझ्याकडे सरळ बघत नाही. वर्षभर आला नव्हता, दिवाळीलाही चुलतभावाला धाडलं. खांदा आणखी खाली गेलाय.

पेटी भरलेली आहे. या वेळी वर-खाली काही नाही, सगळं पांढरंच.

अक्का दारात येऊन उभी राहिली. डॉ. पण आले, नेहमीच्या जागी. अक्कानं भाऊचा हात धरला. "कव्हय लयशी?"

भाऊचे ओठ हलले. मी मध्ये गेले आणि अक्काचा हात त्याच्या हातातून सोडवला. सहज, पट्टी सोडवावी तसा. म्हटलं, "अक्का, त्याले इचारू नका. माले इचारा."

सात वर्षांत या दारात मला कोणी हे विचारलेलं नाही. मुराळ्यालाच विचारतात. अक्का माझ्याकडे बघत राहिली, दोन्ही डोळ्यांनी. डॉ. नी नखं बघायचं थांबवलं. मला वाटलं आता ओरडतील सगळे. अक्का ओरडली नाही.

"बरं," म्हणाली. "तूच सांग. तू कव्हय येशी?"

आठ दिवसांत म्हटलं तर खोटं माझं, भाऊची जबान मोकळी, धाकटीचं माहेर शाबूत. खरं म्हटलं तर पेटी इथेच राहील. किंवा राहणारही नाही, कोण जाणे; अक्काच्या आवाजात राग नव्हता. लिंबांचंही तिनं पुढे काही विचारलं नव्हतं.

"पाणी आणते," म्हणून आत आले. रांजणाजवळ उभी राहून हे लिहिते आहे. तांब्या केव्हाच भरून झाला. बाहेर कोणी बोलत नाहीये, डॉ. सुद्धा नाही.